लालबागचे कार्बोरेटरवाले काका: दोन ठिकाणी फेल गेलेली ॲक्टिव्हा साडेसातशेत जागेवर

पहिलंच सांगतो, याला गॅरेज म्हणायचं तर जीभ अडखळते. चाळीखालचा एक गाळा, आत जेमतेम दीड स्कूटर मावेल एवढी जागा, बाकी सगळं काम गल्लीत फुटपाथच्या कडेला. बोर्ड नाही, होता तो बहुतेक पावसात गेला. पण गेल्या आठ महिन्यांत माझ्या गाडीला कोणाचा खरा हात लागला असेल तर तो इथल्याच माणसाचा, म्हणून टाइमपास न करता सगळं सविस्तर लिहितोय, जुनी कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारं ते जुनं यंत्र असलेली) गाडी असलेल्यांनीच वाचा, नवीन फ्युएल इंजेक्शनवाल्यांनी सोडून द्या कारण काका त्या गाड्यांना हातही लावत नाहीत.

माझी गाडी २०१४ ची ॲक्टिव्हा, १०९ सीसी. रोजचा रूट परळ ते बीकेसी, म्हणजे हिंदमाता, दादर टीटी, पुढे धारावी टी जंक्शन, कलानगर, अंतर काहीच नाही पण सिग्नल मोजाल तर हाताची बोटं संपतील. प्रॉब्लेम असा की सकाळी थंड असताना चोक ओढून चालू व्हायची, पण चोक सोडला की मरायची, आणि गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहिली की आधी उगाच रेस वाढायची आणि मग एकदम खाली येऊन फुस्स. वरून अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट फट फट, बाजूचे रिक्षावाले माझ्याकडे असं बघायचे की जणू मी मुद्दाम करतोय.

आधी नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने काय केलं, स्क्रूड्रायव्हर घातला, रेसचा स्क्रू आत फिरवला, रेस वाढवली, पन्नास रुपये घेतले, संपलं. दोन दिवस मी खुश, गाडी बंदच पडेना. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सिग्नलला ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकतेय. आता याचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, काकांनी नंतर सांगितलं. या गाड्यांमध्ये क्लच आपल्या हातात नसतो, मागे क्लचचे शू असतात ते इंजिन एका स्पीडच्या वर फिरलं की फेकले जाऊन डब्याला धरतात, तेव्हा चाक फिरतं. रेस जास्त ठेवली की ते शू उभ्या गाडीतच अर्धवट धरायला लागतात, म्हणजे मी एकीकडे ब्रेक दाबतोय, इंजिन मागून ढकलतंय, आणि मधल्या मधे पेट्रोल आणि क्लच दोन्ही जळतंय. ॲव्हरेज पंचेचाळीसवरून तेहतीसवर आलं ते असं. आणि मी पन्नास रुपयांत काम झालं म्हणून दहा जणांना सांगत होतो, च्यायला.

मग एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला टाकली. एसी वेटिंग रूम, पाण्याची बाटली, सगळं व्यवस्थित. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, ऑइल बदललं, बाविसशेचं बिल हातात आणि शेवटी ॲडव्हायझर म्हणतो सर कार्बोरेटरच गेलाय, नवीन टाकावा लागेल, साडेतीन हजार. मी विचारलं खोलून बघितला का, तर म्हणतो सर आम्ही खोलत नाही, डायरेक्ट रिप्लेस. मी म्हटलं पीयूसी तर पास झालीये, तर तो म्हणतो मग मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण, बरोबरच असणार ना. एकाच माणसाने पाच मिनिटांत सांगितलेल्या दोन गोष्टी, कार्बोरेटर गेलाय आणि मिक्स्चर बरोबर आहे. मी गाडी घेऊन बाहेर आलो.

तर लालबाग. मावशी राहते तिथे, तिनेच सांगितलं की आमच्या गल्लीत एक म्हातारा बसतो तो पूर्वी चेतक आणि लॅम्ब्रेटाच करायचा. मी गेलो तो मे महिना, आणि मसाला गल्ली बाजूलाच, डंकावर मिरच्या कुटायचा सीझन. म्हणजे तुम्ही उभे आहात, एका बाजूने पेट्रोलचा वास, दुसऱ्या बाजूने बेडगी मिरचीची धांस, आणि काका मस्त चहा पितायत, त्यांना काही होत नाही, मी मात्र पंधरा मिनिटं शिंकतोय. गणपतीच्या आधी-मधी तर जाऊच नका, त्या दिवसांत गल्लीत माणूस शिरत नाही तर स्कूटर कुठून शिरणार.

मी गाडी चालू ठेवूनच प्रॉब्लेम सांगायला लागलो. काका सिंधुदुर्गाकडचे, मराठी बोलता बोलता कधी मालवणीवर घसरतील सांगता येत नाही. म्हणाले, "बंद कर ती. आज हयच ठेवन जा, नायतर उद्या सकाळी थंड घेवन ये." मला वाटलं टाळतायत. पण नंतर कळलं की त्यांना रात्रभर उभ्या गाडीची पहिली किक स्वतः ऐकायची असते, कारण गरम गाडी अर्धा आजार लपवते. हे वाक्य ना त्या पन्नासवाल्याने म्हटलं ना एसीवाल्याने.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हाफ डे टाकला आणि समोर बसून सगळं बघितलं. सीटखालचा डबा काढला की खाली कार्बोरेटर दिसतो. सरळ पाना घालून खोलायचं सोडून काकांनी आधी गाडी चालू केली, एका प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून केलेली पिचकारी घेतली, साबणाचं पाणी, आणि कार्बोरेटर ते इंजिनच्या मधला जो रबरी पाइप असतो त्याच्या बुडाशी थेंब थेंब टाकायला लागले. पहिले दोन-तीन ठिकाणी काहीच नाही. मग खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, बोट वाकवून टाकलं आणि गाडीचा आवाज एकदम बदलला, घुर्रर्र वरून खाली आला, बुडबुडा आत ओढला गेला. काकांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

पाइप काढल्यावर दाखवला. वरून नवीन वाटतो, दाबून वाकवला की खालच्या बाजूला नखाएवढी चीर तोंड उघडते. इंजिन त्या चिरेतून हिशेबाबाहेरची हवा ओढत होतं. कार्बोरेटर बिचारा आपल्या हिशेबाने पेट्रोल देतोय, आणि ही फुकटची हवा त्यात मिसळून मिक्स्चर पातळ होतंय, लीन. लीन झालं की इंजिन गरम चालतं, रेस खाली यायला वेळ लावते, अॅक्सिलरेटर सोडला की फटके मारते. मी म्हटलं मग मिक्स्चरचा स्क्रू थोडा उघडला असता तर? काका म्हणाले, "स्क्रू फिरवन भोक बुजता काय रे?"

आणि हो, पीयूसीचं कोडंही इथेच सुटलं. २००० नंतरच्या, माझ्यासारख्या बीएस थ्री (धुराच्या जुन्या सरकारी नियमातल्या) फोर स्ट्रोक दुचाकीला सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची, लिमिट साडेतीन टक्के आणि एचसीची, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेची, ४५०० पीपीएम. मिक्स्चर लीन असलं की सीओ छान कमीच येतो, मशीन म्हणतं पास. तिथे फक्त धूर किती घाण आहे ते कळतं, इंजिन सुखात आहे का नाही ते नाही.

मग कार्बोरेटर खोलला. खालच्या वाटीतलं पेट्रोल काकांनी एका काचेच्या बाटलीत ओतलं, लोणच्याची जुनी बाटली, आणि उन्हात धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाला चार-पाच गोल थेंब, पारा कसा दिसतो तसे, बाटली हलवली की इकडून तिकडे पळतायत, पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. पाणी. "ह्या पेट्रोल नाय, सरबत आसा," काका म्हणाले. आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा. त्यात माझी सवय अशी की टाकी सव्वापाच लिटरची आणि मी शंभर-शंभरचं टाकत फिरणार, म्हणजे टाकीत कायम निम्मी हवा. वाटीच्या भिंतीला पांढरी पावडर धरलेली, नखाने खरवडली तर मिठासारखी निघाली.

स्लो जेट, म्हणजे आयडलला (गाडी चालू पण अॅक्सिलरेटर सोडलेला) ज्यातून पेट्रोल येतं तो छोटा पितळी जेट, काकांनी डोळ्यासमोर धरून आकाशाकडे बघितलं. मलाही दिला. भोक एवढं बारीक की केसच जाईल, आणि अर्धं बुजलेलं, प्रकाश चंद्रकोरीसारखा येतोय. तो साफ करायला त्यांनी पिन नाही घेतली, घरातली वायर सोलून तांब्याची एक तार काढली. लोखंडी पिनने पितळ घासतं आणि भोक मोठं होतं, मग ते कधीच सेट होत नाही. नंतर कॉम्प्रेसरची हवा. डायफ्राम, ते काळं पातळ रबर, ते पण उजेडात ताणून बघितलं, एकही टाचणीएवढं भोक नाही, ते वाचलं. फ्लोटच्या सुईच्या, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या, टोकाला मात्र झिजून गोल रिंग पडली होती, ती सुई बदलली. साडेतीन हजारांचा नवा कार्बोरेटर लागणार होता ना, तो हाच.

आता मेन काम, सेटिंग. इथे मी खरंच मोबाइल खिशात टाकून बघत बसलो.

आधी गाडी गल्लीतून, चिंचपोकळीच्या पुलावरून फिरवून आणायला लावली, दहा मिनिटं. थंड इंजिनवर सेट केलेलं मिक्स्चर गरम झाल्यावर खोटं ठरतं म्हणे. मग दोन स्क्रू. एक रेसचा, तो फक्त थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप, किती उघडा राहील ते ठरवतो. दुसरा मिक्स्चरचा, तो आयडलला आणि थोडा अॅक्सिलरेटर देईपर्यंतच काम करतो, त्याच्या पुढे दुसरी एक सुई (फ्लोटची नाही) आणि मेन जेटचं राज्य. लोक या दोघांत गोंधळ करतात, पन्नासवाल्याने पण तेच केलेलं, आजार मिक्स्चरचा आणि औषध रेसला. आणखी एक, मिक्स्चरचा स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, तिथे बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे बरोबर उलटं. ॲक्टिव्हाचा पहिल्या प्रकारचा. यूट्यूब बघून घरी करणाऱ्यांनी एवढं तरी बघूनच हात घाला.

काकांचा स्क्रूड्रायव्हर मूठ कापून बुटका केलेला, त्या जागेत लांब जातच नाही. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, टेकला की थांबले, जोर नाही, जोर दिला की स्क्रूचं टोक तुटून आत राहतं आणि मग खरंच नवीन कार्बोरेटर. मग दोन फेरे बाहेर. गाडी चालू. मग पाव फेरा आत, थांबा, ऐका. अजून पाव आत, आवाज अडखळला. परत बाहेर, बाहेर, बाहेर, आवाज जड झाला, घुसमटल्यासारखा. या दोन टोकांच्या मधे जिथे रेस सगळ्यात वर जाते आणि एकसारखी चालते ती जागा. तिथे ठेवून रेसचा स्क्रू कमी. मग परत मिक्स्चर. परत रेस. असं चार वेळा. माझा पेशन्स संपला, त्यांचा नाही. कंपनीचा आकडा १७०० च्या आसपास आरपीएम, पण काकांकडे मीटर-बिटर काही नाही, एक हात मागच्या चाकावर ठेवलेला, चाक स्वतःहून ओढायला लागलं की रेस जास्त. "कानान ऐकूचा असता ह्या," म्हणाले आणि मसाल्याच्या डंकावाल्याला ओरडून दोन मिनिटं मशीन बंद करायला सांगितलं. आणि त्याने केलं! लालबागमध्ये वट म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

शेवटी त्या जागेवरून अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, बाहेर काढून ठेवला. मी विचारलं हे का, तर इथेनॉल. साध्या पेट्रोलला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते वजनाने, इथेनॉलला फक्त ९ च्या आसपास, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की मिश्रणाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. हा हिशेब मी घरी येऊन वाचला, काकांच्या भाषेत ते "आताच्या पेट्रोलाक दम नाय, जरा जास्त पाजूचा लागता." नवीन इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर असतो तो आपोआप वाढवतो, आपल्या जुन्या कार्बोरेटरला कोण सांगणार की पंपावर काय बदललंय. तर हा थोडासा फेरा म्हणजे तेच सांगणं.

बिल. साफसफाई आणि सेटिंग चारशे, रबरी पाइप दोनशे वीस, फ्लोटची सुई एकशे तीस. एकूण साडेसातशे. पार्ट्स त्यांनी मुलाला पाठवून आणवले, माझ्यासमोर पाकीट फोडलं. बिल सिगारेटच्या पाकिटाच्या मागे, जीएसटी वगैरे विसरा, यूपीआय मुलाच्या नंबरवर.

दोन दिवसांनी परत बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. प्लग काढून बघायचा होता. हे मला सगळ्यात आवडलं. प्लगचं टोक पांढरं फटक असलं तर लीन, काळं काजळीचं असलं तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, बिस्किटाच्या रंगाचं आलं की बरोबर. माझं आलं पार्ले-जी जरा जास्त भाजल्यासारखं. काकांनी मान हलवली, प्लग पुसून परत लावला, झालं.

आता तक्रारी, कारण नुसतं गुणगान केलं तर लोक म्हणतील काका नातेवाईक आहेत. त्यांचा मदतनीस पोरगा पॅनल काढताना घाई करतो, माझ्या उजव्या पॅनलचं एक लॉक तुटलं आणि दोन स्क्रू गायब, विचारलं तर म्हणतो आधीपासूनच नव्हते. होते रे बाबा. वेळेचं काही खरं नाही, सकाळी दहा सांगतात आणि साडेअकराला चहा सुरू असतो. बसायला एक उलटा क्रेट, तो पण आधी आलेल्याला. काकांना मधे मधे प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, मी तिसरा विचारला तेव्हा स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला आणि म्हणाले घे, कर. आणि दुचाकी सोडून दुसरं काही करत नाहीत, जनरेटर घेऊन आलेल्या एकाला माझ्यासमोर परत पाठवलं.

माझ्या बाबांकडे चेतक होती, सकाळी चालू करायच्या आधी ती डावीकडे वाकवायचे, मला लहानपणी वाटायचं हा काहीतरी नमस्कार-बिमस्कारचा प्रकार आहे. काकांना सांगितलं तर पहिल्यांदाच मनापासून हसले. त्या दिवशी चेतकवर अर्धा तास गेला, १९७२ पासून रस्त्यावर होती ती गाडी, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिचा कार्बोरेटर लहान मूलही खोलून लावेल. माझ्या गाडीचं काम त्या अर्ध्या तासात जिथल्या तिथे, पण ठीके, तेवढं चालतं.

आज पाच महिने झाले. मधे अख्खा पावसाळा गेला, हिंदमाताला पोटरीएवढ्या पाण्यातून एकदा ढकलतही नेली, चालवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी शिकवल्याप्रमाणे वाटीचा खालचा ड्रेन स्क्रू सोडून घोटभर पेट्रोल काढून टाकलं, त्यात परत ते पाऱ्यासारखे दोन थेंब दिसले, मग चालू केली. फुस्स होत नाही, फटके नाहीत, सिग्नलला ब्रेक सोडला तर जागेवर उभी. ॲव्हरेज फुल टँक टू फुल टँक मोजून एकेचाळीस-बेचाळीस. पंचेचाळीस परत येणार नाही, इथेनॉलमध्ये ताकदच कमी असते, तो दोष काकांचा नाही. टिळक पुलावर बायको मागे आणि पायाशी दिवाळीचा फराळ करायला घेतलेलं पंधरा किलो सामान, तरी चढावर दम टाकला नाही.

पाचपैकी चार देतोय, एक त्या पॅनलच्या लॉकसाठी कापला. जायचं असेल तर आदल्या रात्री गाडी सोडा, टाकीत थोडं तरी पेट्रोल असू दे, आणि सकाळी दहाला पोचून स्वतः किक मारायला जाऊ नका. ती पहिली किक त्यांची.